तारा पट्टीखालून का?

अमेरिकी गिटारवादक लेस पॉलच्या नावाने गिब्सन कंपनीने इलेक्ट्रिक गिटार काढली. 'लेस पॉलने फक्त नाव दिलं, गिटार सगळी गिब्सनची' हे तिच्याबद्दलचं मत बरंचसं पटतं, पण पूर्ण नाही. १९५२च्या पहिल्या सोनेरी मॉडेलवरचा टेलपीस (तारांची बॉडीकडची टोकं धरून ठेवणारा भाग) खुद्द लेस पॉलच्या कल्पनेतला होता, आणि गंमत म्हणजे नेमकी तीच गोष्ट फसली! लांब दांड्यांचा तो 'ट्रॅपीझ' टेलपीस तारा त्याच्या आडव्या पट्टीवरून जाव्यात म्हणून होता. गिब्सनने मान फारच कमी कोनात बसवली, त्यामुळे तारा पट्टीच्या खालून न्याव्या लागल्या. उजव्या हाताचा तळवा टेकवून तारा दाबत वाजवणाऱ्यांची तर पंचाईतच. १९५३च्या उत्तरार्धात मानेचा कोन वाढवून, तारा वरून गुंडाळता येतील असा आखूड टेलपीस थेट बॉडीवर बसवला, तेव्हा कुठे वाजवण्याजोगं वाद्य झालं.

गिब्सनचा अभियंता सेथ लव्हरचे हमबकर (तारांचं कंपन विद्युत संकेतात बदलणारे, गुणगुण कमी करणारे दोन गुंडाळ्यांचे पिकअप) तर या गिटारीवर १९५७मध्ये आले. म्हणजे आज ज्याला आपण 'लेस पॉल टोन' म्हणतो तो पहिल्या गिटारीत नव्हताच. खुद्द लेस पॉलला लो-इम्पीडन्स (कमी विद्युत अवरोधाचे) पिकअप हवे असत, आणि ते असलेली 'रेकॉर्डिंग' ही आवृत्ती सत्तरच्या दशकात निघाली तेव्हा फारशी कुणी घेतली नाही.