एकाच सर्व्हरवर तीन टॉमकॅट: एकात लॉगिन केलं की दुसऱ्यातून बाहेर

दोनपोर्ट:
उबुंटू सर्व्हर, 4 जीबी रॅम, मायएसक्यूएल डेटाबेस त्याच मशीनवर. टॉमकॅट 9 (जावाची वेब अ‍ॅप चालवणारा सर्व्हर) चे दोन इन्स्टन्स, म्हणजे स्वतंत्र चालणाऱ्या प्रती, चालू आहेत: पोर्ट 8080 वर हजेरी, 8081 वर ग्रंथालय. दोन्ही अ‍ॅप रूट म्हणून, म्हणजे पत्त्यात पुढे नाव न लागता उघडतील अशी, टाकलेली. ऑफिसातले लोक ब्राउझरमध्ये थेट आयपी आणि पोर्ट टाकून उघडतात. अडचणी अशा:

1. हजेरीत लॉगिन असताना शेजारच्या टॅबमध्ये ग्रंथालयात लॉगिन केलं की हजेरी परत पासवर्ड मागते. दोन वेगळे ब्राउझर वापरले तर काही होत नाही.
2. परीक्षेच्या अ‍ॅपसाठी हजेरीचं फोल्डर कॉपी करून 8082 वर तिसरं टॉमकॅट केलं. ते सुरू होतं आणि लगेच आपोआप बंद पडतं. त्याचं शटडाउन स्क्रिप्ट चालवलं, तर हजेरीच बंद झाली!
3. नवी वॉर फाइल (अ‍ॅपचं पॅकेज) तीन-चारदा टाकली की कधी कधी एक जावा प्रोसेस गायब होते. कॅटलिनाच्या, म्हणजे टॉमकॅटच्या, लॉगमध्ये त्या वेळची एकही ओळ नसते.

तिन्हींचं मूळ एकच आहे का?

कुकीपुराण:
नाही, तीन वेगळे आजार आहेत. पहिल्याचं सांगतो.

कुकी म्हणजे सर्व्हरने दिलेली, ब्राउझरने जपलेली चिठ्ठी. तिची ओळख तीन गोष्टींवर ठरते: नाव, होस्ट आणि पाथ. पोर्ट त्यात येत नाही. लॉगिन लक्षात ठेवणाऱ्या टॉमकॅटच्या सेशन कुकीचं नाव ठरलेलं, जेसेशनआयडी. तुमचा आयपी एकच, आणि दोन्ही अ‍ॅप रूट असल्यामुळे पाथही एकच, नुसता स्लॅश. म्हणजे ग्रंथालयाने दिलेली कुकी हजेरीच्या कुकीवर जाऊन बसते. हजेरीला अनोळखी सेशन आयडी मिळतो, म्हणून ती लॉगिन पान दाखवते. एफ-12 दाबून कुकीज उघडा आणि दुसरीकडे लॉगिन करा, कुकीतलं मूल्य डोळ्यांदेखत बदलेल.

उपाय: प्रत्येक इन्स्टन्सच्या कॉन्फ फोल्डरमधल्या कॉन्टेक्स्ट एक्सएमएलमध्ये, कॉन्टेक्स्ट टॅगला सेशनकुकीनेम हे अ‍ॅट्रिब्यूट द्या. एकीकडे हजेरीसिड, दुसरीकडे ग्रंथसिड, काहीही चालेल, फक्त नावं वेगळी हवीत. रीस्टार्ट केल्यावर सगळ्यांना एकदा नव्याने लॉगिन करावं लागेल, म्हणून कामाच्या वेळेत करू नका.

आठहजारपाच:
दुसऱ्याचं कारण तुम्हीच लिहिलंय: फोल्डर कॉपी केलं. सर्व्हर एक्सएमएलमध्ये फक्त कनेक्टरचा (ब्राउझरच्या विनंत्या घेणारा) पोर्ट बदलून भागत नाही. अगदी वर, सर्व्हर टॅगमध्ये शटडाउन पोर्ट असतो, 8005. हजेरीने तो आधीच धरून ठेवलाय. तिसरं टॉमकॅट अ‍ॅप लोड करतं, शेवटी 8005 मागतं, मिळत नाही म्हणून स्वतःला बंद करतं. त्यामुळेच ते आधी चालू झाल्यासारखं दिसतं.

हजेरी का बंद झाली तेही यातच आलं. शटडाउन स्क्रिप्ट आपल्या सर्व्हर एक्सएमएलमधला पोर्ट वाचतं आणि त्या पोर्टवर बंद होण्याचा निरोप पाठवतं. 8005 वर ऐकत होती हजेरी. पत्ता चुकलेलं पत्र.

तिसऱ्याला 8007 द्या (ग्रंथालयाचा आधी बघून घ्या). सिस्टीमडीने (लिनक्समध्ये सेवा चालू-बंद करणारा प्रोग्रॅम) चालवत असाल तर -1 देऊन तो पोर्ट बंदच केलेला बरा; सिस्टीमडी थांबवताना जो टर्म सिग्नल देतं, त्यावर टॉमकॅट नीट बंद होतं. कॉपी जुन्या व्हर्जनची असेल तर एजेपीचा (पुढच्या वेब सर्व्हरशी बोलायचा कनेक्टर) 8009 सुद्धा बघा. 9.0.31 पासून तो मुळात कॉमेंट केलेला येतो, त्याआधी चालू असायचा. कोणता पोर्ट कोणाकडे आहे ते सुडो एसएस -एलटीएनपी या कमांडने दिसतं.

आणि पुढच्या वेळी अख्खं फोल्डर कॉपी करू नका. कॅटलिना होम (टॉमकॅटचा मूळ प्रोग्रॅम) एकच ठेवा, प्रत्येक अ‍ॅपला वेगळा कॅटलिना बेस (त्याच्या सेटिंग आणि फाइलींचं फोल्डर) द्या. त्यात कॉन्फ, लॉग्स, टेम्प, वर्क, वेबअ‍ॅप्स एवढंच लागतं. टॉमकॅट अपडेट करायचं तर एकाच जागी होतं.

मेमरीहिशोब:
तिसरं. लॉगमध्ये काही नाही म्हणजे जावाला बोलायलाही वेळ मिळाला नाही, मेमरी संपल्यामुळे कर्नलने (ओएसचा गाभा) मारलं असणार. जर्नलसीटीएल -के चालवून "आउट ऑफ मेमरी" शोधा.

एक्सएमएक्स (कमाल हीपची सेटिंग) दिला नसेल तर जावा कमाल हीप, म्हणजे अ‍ॅपच्या डेटाची मेमरी, मशीनच्या रॅमच्या एक चतुर्थांश धरते. म्हणजे तुमच्याकडे प्रत्येकी 1 जीबी. मेटास्पेसला (क्लासची माहिती ठेवायची मेमरी) तर आपोआप काही मर्यादाच नसते. वॉर बदलताना जुन्या अ‍ॅपचा एखादा थ्रेड चालू राहिला तर त्याचा क्लासलोडर (जुन्या अ‍ॅपचे क्लास धरून ठेवणारा) सुटत नाही आणि दर वेळी मेटास्पेस फुगत जातो. लॉगमध्ये "फेल्ड टू स्टॉप इट" अशी वॉर्निंग असेल तर तो थ्रेड तिथेच नावानिशी सापडेल. कर्नल मात्र बहुधा सर्वात जास्त मेमरी खाणाऱ्याला मारतो, त्यामुळे गळती ग्रंथालयात आणि बळी हजेरीचा, असंही होऊ शकतं.

तीन इन्स्टन्स धरून: सेटएन्व्ह फाइलमध्ये कॅटलिना ऑप्ट्समध्ये प्रत्येकी एक्सएमएक्स 512 एमबी, मॅक्समेटास्पेससाइझ 192 एमबी. हे झाले साधारण 2.1 जीबी, थ्रेड, मायएसक्यूएल आणि ओएसला बाकी उरतात. जावा ऑप्ट्समध्ये टाकू नका, ते बंद करण्याच्या कमांडलाही लागू होतं. मर्यादा घातली की मरणारा निदान लॉगमध्ये कारण लिहून मरतो. गळती सापडेपर्यंत वॉर टाकल्यावर तो इन्स्टन्स रीस्टार्टच करा.

दोनपोर्ट:
कुकी आणि 8007, दोन्ही जमलं. जर्नलमध्ये "किल्ड प्रोसेस" सापडलं, मर्यादा घातल्यात. आता लोकांना पोर्ट लक्षात ठेवायला नको म्हणून पुढे एनजिनएक्स (विनंत्या आत वळवणारा वेब सर्व्हर) लावलं आणि /हजेरी/ हा पाथ 8080 च्या रूटकडे वळवला. पान उघडतं, पण सीएसएस नाही आणि लॉगिननंतर 404.

कुकीपुराण:
अ‍ॅपला वाटतंय ते रूटवर आहे, म्हणून ते /लॉगिन आणि /सीएसएस अशा लिंक देतं. ब्राउझर त्या एनजिनएक्सच्या रूटवर शोधतो, तिथे काही नाही. बाहेरचा पाथ आणि आतला पाथ एकच ठेवा: रूट डॉट वॉरचं नाव हजेरी डॉट वॉर करा, आणि एनजिनएक्सच्या प्रॉक्सीपास ओळीत पोर्टनंतर काहीच लिहू नका, शेवटचा स्लॅशसुद्धा नाही. स्लॅश दिला की एनजिनएक्स /हजेरी/ कापून पुढे पाठवतं. मात्र अ‍ॅपमध्ये कोणी लिंक हाताने स्लॅशपासून लिहिल्या असतील तर त्या कॉन्टेक्स्ट पाथ (अ‍ॅपचा पाथ, इथे /हजेरी) घेऊन दुरुस्त कराव्या लागतील.

आठहजारपाच:
मी असतो तर पाथच्या भानगडीत पडलो नसतो. ऑफिसच्या डीएनएसमध्ये (नावावरून आयपी सांगणारी यादी) तीन नावं घाला, एनजिनएक्समध्ये तीन सर्व्हर ब्लॉक. अ‍ॅप रूटवरच राहतं, कोडला हात लावायला नको, आणि होस्ट वेगळे असल्याने कुकीही आपोआप वेगळ्या. फक्त कोणी कुकीला वरचं डोमेन देऊन ठेवलेलं नसावं.

मेमरीहिशोब:
तिसरं अ‍ॅप चालू करण्याआधी एक बघा: टॉमकॅटचा स्वतःचा जेडीबीसी पूल (डेटाबेस कनेक्शनचा साठा) मुळात 100 कनेक्शनपर्यंत जातो, आणि मायएसक्यूएलची मर्यादा मुळात 151. परीक्षेच्या दिवशी "टू मेनी कनेक्शन्स" तिथूनच येईल. तिन्हींना मॅक्सअ‍ॅक्टिव्ह (पूलची कमाल कनेक्शन) 30 द्या.