मथुशलहाची 969 वर्षं: बक्षीस की नुसता हिशेब?

कोरा कागद: "बायबलमधला मथुशलह 969 वर्षं जगला. विश्वासाने चाला, आयुष्य वाढतं." कालची ही पोस्ट वाचून डोकं फिरलं, म्हणून लिहितोय. बायबलचं पहिलं पुस्तक, उत्पत्ती, त्याचा 5वा अध्याय उघडा. मथुशलहाच्या विश्वासाबद्दल अवाक्षर नाही. मुलं झाली, मेला. 'देवाबरोबर चालला' ते त्याच्या बापाबद्दल, हनोखाबद्दल, आणि त्या यादीत सगळ्यात कमी वर्षं त्याचीच: 365. माझे वडील जन्मभर प्रार्थना चुकले नाहीत, 41व्या वर्षी गेले. मातीला आलेला एक जण आईला म्हणाला, "विश्वास कुठे कमी पडला का बघा." मी तेरा वर्षांचा होतो, शेजारीच उभा.

पिंपळपान: महापुरातून वाचलेला नोहाही देवाबरोबर चालला, उत्पत्ती 6:9. जगला 950. सोयीचं तेवढंच वाचायचं!

गणितातला ढ: भांडता कशाला? ती वर्षं नव्हेत, महिने. 969 भागिले 12, जवळपास 81. मिटलं.

कोरा कागद: मग हनोख 65व्या 'महिन्यात' बाप झाला? साडेपाच वर्षांचा असताना?

गणितातला ढ: बरं, ऋतू धरा. चारने भागा.

कोरा कागद: आता बाप सोळाचा झाला, पण मथुशलह 242चा. अभिनंदन.

जुनी वही: दरवेळी हे भागाकार! सुमेरी राजावलीत, म्हणजे प्राचीन इराकमधल्या राजांच्या यादीत, पहिला राजा अलुलिम 28,800 वर्षं राज्य करतो. बाराने भागलं तरी 2,400 उरतात. जुन्या काळी थोरवी आकड्यांत सांगत. बेरीजच करायची तर ही करा: मथुशलह 187चा असताना लामेख झाला, लामेख 182चा असताना नोहा, नोहा 600चा असताना महापूर. 187 + 182 + 600 = 969. मथुशलह महापुराच्याच वर्षी गेला. अंथरुणात की पाण्यात, लिहिलेलं नाही.

पिंपळपान: पाण्यात?! अहो, त्याच्यासाठी देवाने पूर थांबवून धरला होता!

जुनी वही: बायबलमधलं कुठलं वचन?

पिंपळपान: तुम्हाला वचन नको, वाद हवाय.

सांजवेळ: माझ्या सासूबाई 94च्या, तीन वर्षं अंथरुणाला खिळलेल्या. रोज वेणी घालताना विचारतात, "देव मला विसरला का गं?" बायबलमधला याकोब 130व्या वर्षी मिसरच्या राजाला, फारोला म्हणतो, माझे दिवस थोडे आणि कष्टाचे. वाचून दाखवलं, तर हसल्या. "कष्टाचे खरे. थोडे कुठले मेले!"

पिंपळपान: बरं, मथुशलह मागे घेतला. नोहा नाही! आणि कोरा कागद, त्या माणसाने तुमच्या आईला तसं म्हणायला नको होतं.

कोरा कागद: हं.

गणितातला ढ: पाचने भागून बघितलं का कोणी?