आईची जुनी मानदुखी आणि वाढत चाललेली संवेदनशीलता : नाशकात कोणाला दाखवावे?

दिंडोरीकर (इंदिरानगर)

सर्वांना नमस्कार. माझ्या आईसाठी सल्ला हवा आहे. तिचे वय 71 असून गेली चार वर्षे तिची मान दुखते. दिंडोरी तालुक्यात आमची द्राक्षबाग होती आणि जवळजवळ तीस हंगाम तिने मंडपाखाली उभे राहून, मान मागे टाकून, ऑक्टोबर छाटणीनंतरचे घडांचे थिनिंग (विरळणी) केले. त्यामुळे मान दुखू लागली तेव्हा आम्हां कोणालाच नवल वाटले नाही. परंतु गेल्या वर्षभरात या दुखण्याचे रूप बदलले आहे. पूर्वी डाव्या बाजूला एकाच ठिकाणी दुखायचे. आता दोन्ही खांदे आणि पाठीचा वरचा भाग दुखतो, वेणी घालताना कंगव्याचा दाब सोसत नाही, आणि गळ्यातली पोतसुद्धा तिने काढून ठेवली आहे. एमआरआयमध्ये मणक्यांची झीज दिसते, पण ती वर्षभरात वाढलेली नाही असे डॉक्टर सांगतात. एका ठिकाणी तर तिच्या समोरच ‘आजींना दुखण्याची सवय लागली आहे’ असे म्हटले गेले, आणि त्या दिवसापासून तिने दुखते हे सांगणेच सोडले. मला सर्वांत जास्त हेच लागले आहे.

अशा दुखण्यासाठी नाशकात अस्थिरोगतज्ज्ञांकडे जावे, मेंदूविकारतज्ज्ञांकडे की फिजिओथेरपिस्टकडे? नातेवाइकांनी मान मोडून देणाऱ्या एका माणसाचे नाव सुचवले आहे. ते कितपत सुरक्षित आहे?

जेलरोड रहिवासी, वय 74

मान मोडून देणाऱ्याकडे कृपया नेऊ नका. मानेतून मेंदूकडे जाणाऱ्या रक्तवाहिन्यांना झटक्याने इजा होऊ शकते, आणि या वयात हाडेही ठिसूळ झालेली असू शकतात. मी स्वतः आठ महिने मानेचा पट्टा लावून बसलो होतो. पट्टा काढला की मान अधिकच अवघडायची, म्हणून पुन्हा पट्टा, असे ते चालले होते. शेवटी फिजिओथेरपिस्टनी तो सोडवला तेव्हा कुठे सुधारणा सुरू झाली.

निवृत्त फिजिओथेरपिस्ट (कॉलेज रोड)

दिंडोरीकर, आपल्या आईंना सर्वप्रथम एवढे सांगा की त्यांचे दुखणे खरे आहे. ‘सवय लागली’ हे शब्द चुकीचे आहेतच, शिवाय त्यांनी रुग्ण गप्प बसतो आणि उपचाराची वाट बंद होते.

तीन महिन्यांहून अधिक टिकलेल्या वेदनेत बहुतेक वेळा केवळ मणक्याचा प्रश्न उरत नाही. वेदनेचे संदेश सतत येत राहिले की मज्जारज्जूतील चेतापेशी अधिक उत्तेजित होतात आणि एरवी वेदना न देणारा स्पर्शही वेदना म्हणून पुढे पाठवू लागतात. चेताशास्त्रज्ञ क्लिफर्ड वुल्फ यांनी 1983 मध्ये प्राण्यांवरील प्रयोगांतून हे दाखवले. कंगव्याचा दाब न सोसणे आणि दुखणे एका जागेवरून दोन्ही खांद्यांवर पसरणे, ही दोन्ही लक्षणे त्याच दिशेने बोट दाखवतात. वयाचा भाग यात असा येतो की मेंदूकडून खाली येऊन वेदनेला आवर घालणारी शरीराची स्वतःची यंत्रणा म्हातारपणी दुबळी होते. म्हणूनच झीज तेवढीच असूनही दुखणे वाढू शकते. उलट, काहीही न दुखणाऱ्या पुष्कळ वृद्धांच्या एमआरआयमध्येही अशीच झीज आढळते, तेव्हा त्या अहवालाने घाबरून जाऊ नये.

एक गोष्ट मात्र मी कळकळीने सांगेन. दाबाला संवेदनशील झालेल्या याच वृद्धांना चटका उशिरा कळतो. शेकाच्या पिशवीने मान भाजून आलेल्या आजी मी पाहिल्या आहेत. पिशवी टॉवेलमध्ये गुंडाळा, दहा-पंधरा मिनिटांहून अधिक ठेवू नका आणि ती मानेखाली घेऊन त्यांना झोपू देऊ नका.

कोणाकडे जावे हे ठरवण्यापूर्वी काही गोष्टी तपासा. ब्लाउजचे हुक लावताना बोटे अडखळतात का, चालताना तोल जातो का, लघवी-शौचावरचा ताबा बदलला आहे का, हातातली शक्ती कमी झाली आहे का? यांपैकी काहीही असेल तर मज्जारज्जूवर दाब असण्याची शक्यता असते आणि त्याच आठवड्यात मेंदूविकारतज्ज्ञांना किंवा मणक्याच्या शल्यचिकित्सकांना दाखवावे. ताप, कारणाशिवाय घटणारे वजन, पूर्वीचा कर्करोग किंवा अलीकडचे पडणे असेल तरीही थांबू नये. नव्याने सुरू झालेली डोकेदुखी आणि चावताना जबडा दुखणे असेल, तर ते रक्तवाहिन्यांच्या दाहाचे लक्षण असू शकते आणि त्यात दृष्टीला धोका असतो. तेव्हा त्याच दिवशी डॉक्टर गाठावेत.

यांपैकी काही नसेल तर सुरुवात फिजिओथेरपीनेच करावी. त्र्यंबक रस्त्यावरच्या जिल्हा रुग्णालयात किंवा आडगावच्या डॉ. वसंतराव पवार वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात चौकशी करा. खासगी ठिकाणी गेलात तर पहिल्या भेटीत काय होते ते पाहा. झोप कशी आहे, दिवसभर काय करता, कशाची भीती वाटते हे जिथे विचारत नाहीत आणि थेट यंत्राखाली झोपवून दहा सत्रांचे पैसे आगाऊ मागतात, तिथे मी माझ्या आईला नेले नसते.

व्यायाम अगदी हलका असावा: हनुवटी किंचित आत घेऊन मानेच्या आतल्या स्नायूंना काम देणे, खांद्याची पाती मागे ओढणे, आणि रोज चालणे. नंतर थोडे दुखले तर चालेल, पण ते दुसऱ्या दिवशीही वाढलेले राहिले तर मात्रा निम्मी करावी. झोप अपुरी असेल तर वेदना तीव्र होते, म्हणून झोपेचा प्रश्न दुय्यम समजू नये.

दिंडोरीकर

ताई, मनापासून आभार. हुक लावताना अडचण नाही, चालणेही व्यवस्थित आहे. आपला प्रतिसाद मी आईला वाचून दाखवला. ती बराच वेळ गप्प होती, मग म्हणाली, ‘म्हणजे माझं खरंच दुखतंय ना?’ सोमवारी जिल्हा रुग्णालयात जात आहोत. एक विचारायचे राहिले. ती दुकानातून आणलेली वेदनाशामक गोळी जवळजवळ रोज घेते आणि तिला रक्तदाबाचीही गोळी चालू आहे.

निवृत्त फिजिओथेरपिस्ट

ही गोष्ट सोमवारी डॉक्टरांना सर्वांत आधी सांगा. आयबुप्रोफेन किंवा डायक्लोफेनॅकच्या जातीची गोळी रोज घेतल्याने या वयात जठरातून रक्तस्राव होऊ शकतो, मूत्रपिंडांवर ताण येतो आणि रक्तदाबही वाढतो. घरातल्या सर्व गोळ्यांची पाकिटे पिशवीत घालून न्या, नावे तोंडी सांगू नका. अमिट्रिप्टिलीनसारखे चेतांवर काम करणारे औषध सुचवले गेले, तर तोंड कोरडे पडणे, लघवी अडणे, गोंधळल्यासारखे होणे आणि रात्री उठताना तोल जाणे याविषयी अवश्य विचारा. रक्तदाबाची गोळी मात्र कोणाच्याही सांगण्यावरून परस्पर बंद करू नका.

जेलरोड रहिवासी, वय 74

चालण्यासाठी आपल्या इंदिरानगरातला जॉगिंग ट्रॅक चांगला आहे. पहाटे गर्दी असते आणि तरुण मुले वेगाने जातात, म्हणून आईंना दहाच्या सुमारास न्या. पहिल्या दिवशी एकच लहान फेरी पुरे.