विंडोज सर्व्हर २०१२ आरटू बदलायचाय, २०२५ घ्यावा का?

शिरोलीकर:
नमस्कार मंडळी. शिरोली एमआयडीसीत आमची फाउंड्री आणि मशीन शॉप आहे. ऑफिस, स्टोअर, डिझाइन, क्यूसी धरून २२ कॉम्प्युटर, वापरणारी माणसं तिसेक, कारण क्यूसी आणि स्टोअरला दोन पाळ्या. सर्व्हरवर विंडोज सर्व्हर २०१२ आरटू आहे. सगळ्यांचं लॉगिन, ड्रॉइंगचं फोल्डर, टॅलीचा डेटा, सगळं त्या एकाच डब्यावर. खरेदी मी बघते, त्यामुळे कोटेशनं माझ्याकडे आलीत. एकाने २०२५ स्टँडर्ड दिलंय आणि खाली 'कॅल' म्हणून वेगळी रक्कम लावलीय. दुसरा म्हणतो, एवढ्याशा ऑफिसला सर्व्हर कशाला, विंडोज ११ प्रो टाका. भाऊ म्हणतो, लिनक्स फुकट आहे. आपण पैसे नेमके कशाचे देतो, हे मला आधी समजून घ्यायचंय.

लेथवाला:
ताई, ११ प्रो विसरा. लायसन्सप्रमाणे त्याला एका वेळी २० च डिव्हाइस जोडता येतात, आणि त्याचा डोमेन कंट्रोलर, म्हणजे सगळ्यांचं लॉगिन सांभाळणारा सर्व्हर, होत नाही. तुमची मशीनंच २२ आहेत.

भोसरी_सर्व्हर:
ताई, एमआयडीसीतल्या ऑफिसांचे सर्व्हर सांभाळणं हाच माझा धंदा आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

२०१२ आरटूचा सपोर्ट १० ऑक्टोबर २०२३ ला संपला. पैसे भरून मिळणारे सिक्युरिटी पॅचही ऑक्टोबर २०२६ पर्यंतच. तेव्हा बदलायचं हे नक्की. २०२२ ला पॅच ऑक्टोबर २०३१ पर्यंत, २०२५ ला २०३४ पर्यंत. नवीन हार्डवेअर घेताय तर लायसन्स २०२५ चंच घ्या.

लायसन्स प्रोसेसरच्या कोअरवर मोजतात आणि एका सर्व्हरला किमान १६ कोअरचं घ्यावंच लागतं. त्यामुळे १६ कोअरच्या आतला, जास्त गिगाहर्ट्‌झचा एकच प्रोसेसर मागा. २४ कोअरचा कुणी गळ्यात मारला तर वरच्या ८ कोअरचेही पैसे मोजाल, आणि टॅलीला त्याचा उपयोग शून्य. कॅल म्हणजे सर्व्हर वापरण्याचा परवाना, माणशी किंवा मशीनमागे. तुमच्याकडे दोन पाळ्यांची माणसं एकाच मशीनवर बसतात, म्हणून डिव्हाइस कॅल घ्या. कोटेशनमध्ये ३० यूजर कॅल लावले असतील तर बदलून मागा.

आता सगळ्यात महत्त्वाचं. स्टँडर्डच्या एका लायसन्समध्ये दोन व्हर्च्युअल मशीन (व्हीएम, म्हणजे एकाच डब्यात चालणारे वेगवेगळे सर्व्हर) चालवायची मुभा असते, फक्त खालच्या विंडोजवर हायपर-व्हीशिवाय, म्हणजे व्हीएम चालवणाऱ्या भागाशिवाय, दुसरं काही काम ठेवायचं नाही. ही मुभा बहुतेक ऑफिसं वापरतच नाहीत, आणि मला त्याचं मनापासून वाईट वाटतं, कारण तिचे पैसे भरलेले असतात. एका व्हीएममध्ये फक्त डोमेन, दुसऱ्यात ड्रॉइंग आणि टॅलीचा डेटा. उद्या फाइलवालं मशीन रीस्टार्ट करावं लागलं तरी लॉगिन चालू राहतात. शिवाय हार्डवेअर गेलं तर तीच व्हीएम बॅकअपमधून दुसऱ्या डब्यावर उभी करता येते.

फाइलच्या व्हीएमवर शॅडो कॉपी चालू करायला सांगा. डिझाइनवाल्याने रिव्हिजन बीच्या फाइलवरच सी सेव्ह केली, तर फोल्डरवर राइट क्लिक, प्रॉपर्टीज, प्रीव्हियस व्हर्जन्स, सकाळी सातची कॉपी समोर. डिफॉल्ट वेळा सकाळी ७ आणि दुपारी १२ आहेत. डिझाइनला दुपारी ४ ची एक वाढवा. पण याला बॅकअप समजू नका. रॅन्समवेअर, म्हणजे फाइली कुलूपबंद करून खंडणी मागणारा व्हायरस, आधी याच कॉप्या उडवतं. रोजचा बॅकअप वेगळ्या डिस्कवर, आणि एक डिस्क कायम काढून ठेवलेली.

शिरोलीकर:
दादा, खूप आभार. कॅल यूजरचेच लावलेत, बदलायला सांगते. दोन शंका. व्हेंडर म्हणतो, २०२५ टाकून जुन्या डोमेनला एका रविवारात जोडून देतो. होईल का? आणि बाबा घरून रिमोट डेस्कटॉपने सर्व्हरवरच टॅली उघडतात, ते चालू राहायला हवं.

भोसरी_सर्व्हर:
त्या रविवारच्या आधी व्हेंडरला डोमेनची फंक्शनल लेव्हल, म्हणजे डोमेन कुठल्या विंडोज सर्व्हरच्या पातळीवर चालतंय ते, विचारा. २०२५ ला डोमेन कंट्रोलर करायचं तर ती किमान २०१६ लागते, आणि २०१२ आरटू कंट्रोलर असेपर्यंत ती तिथवर चढतच नाही. मार्ग असा: डोमेनच्या व्हीएममध्ये २०२२ टाकायचं, त्याला जुन्या डोमेनमध्ये घ्यायचं, रोल (डोमेनच्या मुख्य जबाबदाऱ्या) त्याच्याकडे वळवायचे, जुना उतरवायचा, मग लेव्हल वाढवायची. २०२५ च्या लायसन्सवर २०२२ चालवता येतं. कोटेशनवरच डाउनग्रेडची, म्हणजे २०२२ ची, की आणि इन्स्टॉल करायचा मीडिया लिहून घ्या. डोमेन मुळात २००३ च्या काळातलं असेल तर सिसव्हॉल (कंट्रोलरांमधलं डोमेनचं सामाईक फोल्डर) अजून एफआरएस या जुन्या कॉपी-पद्धतीवर आहे का, तेही बघायला सांगा. २०२२ ला डीएफएसआर ही नवी पद्धतच लागते.

स्कॅनर किती जुना आहे? स्कॅन थेट सर्व्हरच्या फोल्डरमध्ये टाकत असेल आणि त्याला फक्त एसएमबी १ (नेटवर्कवर फाइली देण्याघेण्याची जुनी पद्धत) येत असेल, तर नव्या सर्व्हरवर तो बंद पडेल. नव्या विंडोजमध्ये एसएमबी १ मुळात बसवलेलंच नसतं. कुणी 'चालू करून देतो' म्हणालं तर नाही म्हणा. मे २०१७ मध्ये वॉनाक्राय हा रॅन्समवेअर याच एसएमबी १ च्या भोकातून पसरला होता. स्कॅन ईमेलवर घ्या किंवा स्कॅनर बदला.

बाबांचं सांगतो. सर्व्हरवर फुकट मिळणारी दोन रिमोट सेशन देखभालीसाठी असतात, रोजच्या कामाला नाहीत. त्यासाठी रिमोट डेस्कटॉप सर्व्हिसेस आणि त्याचे वेगळे कॅल लागतात. न घेता बसवलं तर १२० दिवस चालतं आणि मग लॉगिन नाकारतं. एकट्या बाबांसाठी सोपा उपाय म्हणजे ऑफिसमधला त्यांचाच पीसी चालू ठेवून व्हीपीएनमधून (इंटरनेटवरून ऑफिसच्या नेटवर्कमध्ये यायचा सुरक्षित मार्ग) त्यावर यायचं. राउटरवर रिमोट डेस्कटॉपचा ३३८९ पोर्ट उघडा असेल तर आजच बंद करा, नवीन सर्व्हरची वाट बघू नका.

पेंग्विन_सांगली:
लिनक्सबद्दल भावाचं अगदीच चूक नाही. सांबा या फुकट सॉफ्टवेअरच्या ४ पासून, म्हणजे २०१२ च्या डिसेंबरपासून, लिनक्सवर ॲक्टिव्ह डिरेक्टरीचा (विंडोजच्या डोमेन व्यवस्थेचा) डोमेन कंट्रोलर होतो. उबुंटू एलटीएसला, म्हणजे लिनक्सच्या लांब सपोर्टवाल्या आवृत्तीला, पाच वर्षं अपडेट मिळतात. लायसन्स नाही, कॅल नाही. पण रात्री दहाला लॉगिन बंद पडलं तर शिरोलीत कोण येईल, त्याचा मोबाइल नंबर आधी हातात हवा. तसा माणूस नसेल तर डोमेन विंडोजवरच ठेवा आणि जुन्या डब्यावर लिनक्स टाकून तो फक्त बॅकअप घ्यायला लावा. मात्र डिस्क नव्या घाला.

शिरोलीकर:
३३८९ उघडाच होता. आत्ता बंद करून घेतला. स्कॅनर २०११ चा आहे, त्याचं मॅन्युअल शोधून एसएमबीचं बघते. डाउनग्रेडची ओळ टाकून नवीन कोटेशन आलं की इथेच लिहीन.