मदत हवी आहे: फवारणीच्या तक्त्याचा स्क्रीनशॉट ग्रुपवर गेला की दशांशाचं टिंब दिसत नाही

शिवारकर, दिंडोरी
नमस्कार मंडळी. द्राक्षबागेच्या गोडी छाटणीनंतरच्या (फळ धरण्यासाठीच्या छाटणीनंतरच्या) फवारणीचं वेळापत्रक गूगल शीटमध्ये आहे: ६४ ओळी, सहा रकाने. टॅब अँड्रॉइड, साडेदहा इंची, स्क्रीन १९२० × १२००. टॅब उभा धरून पाच स्क्रीनशॉट काढले, जोडणाऱ्या अ‍ॅपने त्यांची एक लांब पट्टी केली आणि व्हॉट्सअ‍ॅपवर मजुरांच्या ग्रुपला पाठवली. टॅबवर स्वच्छ दिसते, पण ग्रुपवर अक्षरं फुटतात. मुख्य भीती ही की ०.५ मिलीतलं टिंब पुसट होतं आणि समोरचा ५ मिली वाचू शकतो. दुसरी अडचण: आवाज कमी करायचं बटण जड झालंय, दहादा दाबावं तेव्हा एकदा स्क्रीनशॉट निघतो. नवा टॅब घ्यायचा विचार नाही. काय करता येईल?

गोदाकाठ
दादा, टॅबचा दोष नाही, त्या लांब पट्टीचा आहे. व्हॉट्सअ‍ॅप साध्या दर्जात फोटो पाठवताना त्याची लांब बाजू साधारण १६०० पिक्सेलवर आणतं. तुमची पट्टी अंदाजे १२०० × ९००० असणार. ९००० चे १६०० झाले की त्याच प्रमाणात १२०० ची रुंदी २१३ वर येते. सहा रकाने २१३ पिक्सेलमध्ये, म्हणजे एका रकान्याला पस्तीसेक. मूळ चित्रातलं दोन-तीन पिक्सेलचं टिंब तिथे जेमतेम अर्ध्या पिक्सेलचं उरतं. समोरच्याने कितीही झूम केलं तरी ते परत येणार नाही.

तेच पाच स्क्रीनशॉट न जोडता सुटे पाठवले असते, तर १९२० चे १६०० आणि १२०० चे १०००. इतक्यात अक्षर टिकतं. पाठवण्याआधी वर एचडीचं चिन्ह येतं, तेही दाबा. जोडणारं अ‍ॅप या कामासाठी काढूनच टाका, असं माझं स्पष्ट मत आहे.

मखमलाबाद नाका
गोदाकाठ यांचं गणित बरोबर आहे. पट्टीच पाठवायची असेल तर फोटो म्हणून नको, डॉक्युमेंट म्हणून पाठवा: पिनचं चिन्ह, डॉक्युमेंट, मग गॅलरीतून किंवा फाइलमधून निवडा. अशी फाइल आहे तशीच जाते.

टॅब स्क्रीनशॉट कोणत्या प्रकारात साठवतो तेही बघा. सॅमसंगमध्ये सेटिंग्ज, अ‍ॅडव्हान्स्ड फीचर्स, स्क्रीनशॉट्स अँड स्क्रीन रेकॉर्डर इथे जेपीजी की पीएनजी हे निवडता येतं. आकडे आणि अक्षरं असतील तर पीएनजीच ठेवा. जेपीजीत अक्षराच्या कडेला करडी धूळ उठते आणि टिंब त्यात मिसळतं. त्याच पानावर स्टेटस बार लपवायचा पर्याय आहे, तोही चालू करा. नाहीतर वरच्या पट्टीतल्या सूचनांची चिन्हं सगळ्या ग्रुपला दिसत राहतात.

पंचवटीताई
आता बटणाचं सांगते. आधी पद्धत तपासा. पॉवर आणि आवाज कमी, दोन्ही एकाच क्षणी दाबून लगेच सोडायची. आवाजाचं आधी लागलं तर आवाजाची पट्टी येते, पॉवरचं आधी लागलं तर स्क्रीन बंद होते किंवा मेनू येतो. आणि दाबून धरू नका. सॅमसंगमध्ये सात सेकंदांच्या वर धरलं तर टॅब रिस्टार्ट होतो, न साठवलेलं काम जातं. जाड फ्लिप कव्हर असेल तर ते काढून एकदा बघा, पुष्कळदा कव्हरच बटणाला पूर्ण दबू देत नाही.

तरी जड वाटलं तर बटणाला हातच लावू नका. सॅमसंगमध्ये सेटिंग्ज, अ‍ॅक्सेसिबिलिटी, इंटरॅक्शन अँड डेक्स्टेरिटी, असिस्टंट मेनू चालू करा. स्क्रीनवर एक तरंगतं बटण येतं, त्यात स्क्रीनशॉट आहे. इतर अँड्रॉइड टॅबमध्ये अ‍ॅक्सेसिबिलिटीतच अ‍ॅक्सेसिबिलिटी मेनू नावाची सोय असते, तिथेही स्क्रीनशॉटचं बटण मिळतं. तळहाताची कड स्क्रीनवरून फिरवून काढायची सोय काही मॉडेलांत आहे, पण ओल्या किंवा धुळीच्या हाताने ती दगा देते. बागेत तिच्यावर विसंबू नका.

ओझर_मिग
मुळात ६४ ओळींच्या तक्त्याला स्क्रीनशॉट कशाला? शीटच्या अ‍ॅपमध्ये वर तीन टिंबं, शेअर अँड एक्सपोर्ट, प्रिंट. कागद ए४, दिशा आडवी, आणि सेव्ह अ‍ॅज पीडीएफ. पीडीएफमध्ये अक्षर चित्र नसतं, अक्षरच राहतं. कितीही मोठं केलं तरी फुटत नाही, शोधताही येतं. आडव्या पानावरही शेवटचा रकाना दुसऱ्या पानावर पळाला तर रकान्यांची रुंदी कमी करा किंवा नको तो रकाना लपवून मग प्रिंट घ्या.

स्क्रीनशॉट ठेवा एका दिवसापुरत्या ओळींसाठी. उद्याच्या तीन फवारण्या, तेवढंच कापून पाठवलं की माणूस नेमकं तेच वाचतो.

शिवारकर, दिंडोरी
सगळ्यांचे आभार. असिस्टंट मेनू चालू झाला, बटणाचा प्रश्न मिटला. पीडीएफही स्वच्छ गेली. पण ग्रुपवरचे दोघे-तिघे पीडीएफ उघडत नाहीत, त्यांना फोटोच लागतो. त्यांच्यासाठी टिंबाची खात्री कशी करायची?

गोदाकाठ
पाठवल्यावर टॅबवर बघून उपयोग नाही, तिथे तुमची मूळ प्रत दिसू शकते. ग्रुपमधल्या दुसऱ्याच्या फोनवर फोटो उतरवून ०.५ वाचून बघा. शीटमध्ये अक्षर १० ऐवजी १४ करा. आणि ‘.५’ असं कधीच लिहू नका. पुढे शून्य असलं की टिंब गेलं तरी ‘०५’ दिसतं आणि वाचणारा थबकतो.

पंचवटीताई
मी तर म्हणेन टिंबावर भरवसाच नको. मात्रेशेजारी ‘२०० लिटरच्या पिंपाला’ असा रकाना वाढवा. ०.५ मिली प्रति लिटर म्हणजे पिंपाला १०० मिली. पिंपाजवळ उभ्या माणसाला तोच आकडा लागतो, आणि त्यात टिंब येत नाही. मात्रेच्या खान्यात नुसता आकडा ठेवा, ‘मिली’ रकान्याच्या मथळ्यात लिहा. खान्यात ‘०.५ मिली’ असं लिहिलं तर शीट त्याला मजकूर समजते आणि २०० ने गुणायचं सूत्र चूक दाखवतं. शीटमध्ये तो आकडा इंग्रजी अंकांत भरा, म्हणजे सूत्र अडणार नाही.