ऑफर हातात आहे, राजीनामा कधी टाकू? (ब्लू कार्ड)

प्रेषक: ऋतुजा, पुणे

नमस्कार मंडळी,

मी अजून तिकडे जर्मनीत आलेले नाही, मावसबहिणीने मला या मेलिंग लिस्टवर घेतलंय. नवखीने येऊन पहिल्याच मेलमध्ये प्रश्न विचारणं बरं दिसत नाही, पण वेळच तशी आहे. श्टुटगार्टजवळच्या एका कंपनीत एम्बेडेड सॉफ्टवेअरचं काम मिळालंय, वर्षाला 58 हजार युरो ग्रॉस, करार सहीसाठी आलाय आणि त्यात जॉइनिंग 1 सप्टेंबर लिहिलंय. इकडे हिंजवडीत माझा नोटीस पिरियड 90 दिवसांचा. बाय आउट देत नाहीत, म्हणजे पैसे भरून लवकर सुटता येत नाही, आमच्या टीममधल्या एकाला शेवटच्या दिवसापर्यंत बसवून ठेवलं होतं, काम काही नाही, नुसतं दुसऱ्याला काम समजावून देणं. म्हणजे सप्टेंबरला पोचायचं तर याच आठवड्यात राजीनामा टाकायला हवा आणि व्हिसाचा अजून पत्ता नाही. सासरे म्हणतात पासपोर्टवर व्हिसा चिकटल्याशिवाय कागद टाकू नकोस. नवरा म्हणतो, मग ते लोक थांबतील का?

अजून एक. इथल्या एका एजंटने सांगितलं की डिग्री आणि मॅरेज सर्टिफिकेट दोन्हीला अपोस्टिल, म्हणजे कागद खरा असल्याचा सरकारी शिक्का, लागेल, आणि आकडा ऐकून मी फोनच ठेवला. डिग्री पुणे विद्यापीठाची, माहेरच्या नावावर. पासपोर्ट सासरच्या. याने अडतं का? नवरा आणि चार वर्षांची मुलगी बरोबरच यावेत अशी इच्छा आहे.

ऋतुजा


प्रेषक: नितीन

ऋतुजा, अभिनंदन! राजीनामा टाकून मोकळी हो. ब्लू कार्डला, म्हणजे डिग्रीवाल्यांच्या राहण्या-कामाच्या परवान्याला, तुझा पगार आरामात बसतो, 2025 ला मर्यादा 48,300 होती, 2026 ला 50,700 झाली, तू दोन्हीच्या वर आहेस. आयटी आणि इंजिनिअरिंगसारख्या टंचाईच्या कामांना याहून कमी मर्यादा चालते (2026 ला 45,934) पण तिथे रोजगार खात्याची मंजुरी लागते, तुला तीही भानगड नाही. डिग्री आहे, करार आहे, पगार आहे, मग नाही म्हणायला त्यांना कारणच काय? मी पण असाच आलो होतो, नोटीस आणि व्हिसा दोन्ही एकदम चालू. 90 दिवस वाया घालवण्यापेक्षा ते व्हिसाच्या वेळेतच संपलेले बरे.


प्रेषक: मीनलताई

नितीन, तू आलास तेव्हा तू एकटा होतास आणि हिच्या मागे पोर आहे, एवढा तरी विचार कर सल्ला देताना.

ऋतुजा, सासरे म्हणतात ते अगदीच चूक नाही. व्हिसा नाकारला जाईल ही भीती मला फार वाटत नाही, भीती वेगळी आहे. आमच्या ओळखीतल्या एकाने करार सही केल्या केल्या राजीनामा टाकला, व्हिसाची फाइल कुठल्यातरी एका कागदासाठी अडकली, तेवढ्यात इकडच्या कंपनीने भरती थांबवली आणि कामावर रुजू व्हायच्या आधीच करार रद्द केला. पुण्यातली खुर्ची गेलेली, इकडची मिळालीच नाही. आणि एरवीही बघ, प्रोबेशन सहा महिने असतं आणि त्या काळात दोन्ही बाजूंनी दोन आठवड्यांची नोटीस चालते, म्हणजे इथे येऊनही पहिलं अर्ध वर्ष पाय तसे हवेतच असतात. त्यात तिकडचा पूल स्वतःच्या हाताने आधीच कशाला तोडायचा.

अपोस्टिलचं: एजंटला नमस्कार कर आणि घरी ये. भारत 2005 मध्ये अपोस्टिल करारात आला तेव्हा जर्मनीने आक्षेप नोंदवला, त्यामुळे भारताचं अपोस्टिल इथे मुळात लागूच नाही. एखाद्या कागदाची खात्री करायची असेल तर कॉन्सुलेट स्वतःच्या माणसांकडून पडताळणी करून घेतं, त्याचा खर्च आणि वेळ वेगळा. त्यासाठी मंत्रालयाचा शिक्का मारून आणलास तर तो नुसता शिक्काच.

डिग्रीसाठी आनाबिन नावाचा डेटाबेस आहे, त्यात विद्यापीठ शोध. कॉलेज शोधू नकोस, कॉलेज सापडणार नाही आणि उगाच घाबरशील. कॉलेज कुठलंही असो, डिग्री देतं ते विद्यापीठ. त्याच्यापुढे एच प्लस, म्हणजे मान्यताप्राप्त, दिसलं की त्या पानाची आणि तुझ्या डिग्रीच्या प्रकाराच्या पानाची प्रिंट काढून ठेव. तिथे सापडलं नाही तरच बॉनच्या झेडएबीकडून, म्हणजे परदेशी डिग्र्या तपासणाऱ्या ऑफिसाकडून, तुलना पत्र मागवायचं, त्याचे 208 युरो.


प्रेषक: वसंतकाका (गणेशोत्सव समिती)

मंडळी, ज्यांनी उकडीच्या मोदकांसाठी नाव दिलेलं नाही त्यांनी कृपया रविवारपर्यंत द्यावं, तांदळाची पिठी आपण भारतातून मागवतो आहोत, हिशेब आधी लागतो. सारणाचे नारळ इथे मिळतील.


प्रेषक: नितीन

काका हा वेगळा धागा आहे 🙂 माझे 21 लिहा.

मीनलताई, बरोबर आहे, पोराचा मुद्दा मी धरलाच नव्हता. पण मग तिने करायचं काय, व्हिसा हातात आल्यावर 90 दिवस म्हणजे डिसेंबर उजाडेल, कंपनी तोवर कशाला थांबेल?


प्रेषक: अभिजित

थांबेल. मी गेली बरीच वर्षं इथल्या एका कंपनीच्या एचआरमध्ये परदेशी लोकांच्याच भरतीचं बघतो म्हणून सांगतो. आपल्याकडे 90 दिवसांची नोटीस म्हटलं की लोक ओशाळतात, जणू आपलाच काही दोष आहे. अरे, इथे अनुभवी माणसांच्या करारात तीन महिन्यांची नोटीस सर्रास असते, आणि तीही महिनाअखेर नाहीतर तिमाहीअखेर धरून. जर्मन मॅनेजरला "मी चार महिन्यांनी येईन" यात काही वावगं वाटत नाही, त्याने शेजारच्या गावातून माणूस घेतला तरी तो तेवढाच वेळ घेतो. 1 सप्टेंबर ही तारीख बहुतेक वेळा एचआरने टेम्प्लेटमध्ये टाकलेली असते, तुला कोणी विचारून टाकलेली नसते. तेव्हा सही करायच्या आधी दोन ओळींचा मेल टाक, की नोटीस 90 दिवस आहे, जॉइनिंग 1 नोव्हेंबर करा, आणि करारात अशी ओळ घाला की परवाना मिळायला उशीर झाला तर रुजू व्हायची तारीख त्याप्रमाणे पुढे जाईल. ही ओळ नसेल तर सही करू नकोस. बाकी करारात काय आहे त्यापेक्षा मला ही ओळ महत्त्वाची वाटते.

आता राजीनामा. नितीन म्हणतो करारावर टाक, मीनलताई म्हणतात व्हिसावर टाक. मधे एक टप्पा आहे तो दोघांनीही सांगितला नाही. कंपनीला सांग इथल्या निवास कायद्याच्या कलम 81 ए खाली जलद प्रक्रिया करा. त्यात तू कंपनीला मुखत्यारपत्र देतेस, कंपनी इथल्या आउसलेंडरबेहोर्डेत, म्हणजे परदेशी नागरिकांच्या ऑफिसात, 411 युरो भरून अर्ज करते, आणि सगळी छाननी इथेच होते, डिग्री, पगार, करार, सगळं. सगळं बसलं की ते ऑफिस पूर्वसंमती काढतं आणि ती कंपनीमार्फत तुझ्याकडे येते. ती हातात आली की कॉन्सुलेटने तीन आठवड्यांच्या आत अपॉइंटमेंट द्यायची असते आणि पुढच्या साधारण तीन आठवड्यांत निकाल. खरा निर्णय पूर्वसंमतीतच झालेला असतो, त्यानंतर राहतं ते पासपोर्ट, बोटांचे ठसे आणि 75 युरो. म्हणून राजीनामा टाकायचा तो पूर्वसंमतीचा कागद आल्यावर. 90 दिवसांत व्हिसा आरामात होतो आणि टांगती तलवारही नाही.

ब्लू कार्डला ही प्रक्रिया लागतेच असं नाही, कॉन्सुलर सर्व्हिसेस पोर्टलवर सरळ अर्ज केला तरी चालतो, आणि कंपनीचा एचआर म्हणेल की 411 युरो कशाला. त्यांना सांग की नवरा आणि मुलगी त्याच सुमारास अर्ज करणार असतील तर त्यांचंही याच प्रक्रियेत बसतं. हे ऐकल्यावर सहसा नाही म्हणत नाहीत, कारण कुटुंब मागे राहिलेला माणूस सहा महिन्यांत परत जातो हे त्यांनी पाहिलेलं असतं.


प्रेषक: ऋतुजा, पुणे

अभिजितदादा, तुमचा मेल नवऱ्याला वाचून दाखवला, सासऱ्यांना पण. पहिल्यांदाच घरात तिघांचं एकमत झालंय.

नावाचं राहिलं. आणि नवऱ्याला जर्मन परीक्षा द्यावी लागेल का? तो युट्यूबवर बघून घाबरलाय.


प्रेषक: मीनलताई

परीक्षा नाही. ब्लू कार्डवाल्याच्या जोडीदाराला येण्याआधी ए वन, म्हणजे जर्मनची पहिली पातळी, दाखवावं लागत नाही, आणि आल्यावर नोकरीही लगेच करता येते. पण शिकू दे त्याला. तुला स्वतःला तर शिकायलाच हवं, कारण कायमस्वरूपी परवाना ए वनवर 27 महिन्यांत मिळतो आणि त्याच्या दोन पायऱ्या वरचं बी वन असेल तर 21 महिन्यांत, तेवढे महिने पेन्शनचे पैसे भरलेले असले की झालं. पुढे नागरिकत्व पाच वर्षांनी. जर्मनीने 2024 पासून दुहेरी नागरिकत्व चालवलंय पण आपलं सरकार चालवत नाही, त्यामुळे तेव्हा भारतीय पासपोर्ट सोडून ओसीआय, म्हणजे परदेशी नागरिक झालेल्या भारतीयांचं कार्ड, घ्यायचं का यावर घरात भांडणं ठरलेली.

नाव: महापालिकेच्या मॅरेज सर्टिफिकेटवर तुझं माहेरचं नाव असेल, तोच कागद डिग्री आणि पासपोर्ट यांच्यामधला दुवा. डिग्रीच्या प्रिंटला लागून तो लाव, सुटा ठेवू नकोस, म्हणजे बघणाऱ्याला शोधावं लागणार नाही. विद्यापीठाच्या डिग्रीवर आडनाव आधी, मग नाव, मग वडिलांचं नाव असा क्रम असतो आणि जर्मन माणसाला आडनाव कुठलं हेच कळत नाही, तेव्हा कव्हर लेटरमध्ये एका ओळीत स्पष्ट लिही. पासपोर्टमध्ये गिव्हन नेमच्या रकान्यात नवऱ्याचं नाव घुसलेलं असेल तर इथे प्रत्येक कागदावर ते तुझं दुसरं नाव म्हणून येईल. येऊ दे. सगळीकडे एकसारखं आलं म्हणजे झालं, मधेच कुठे गाळू नकोस.

आल्यानंतरचं पण सांगून ठेवते. घरात राहायला गेल्यापासून दोन आठवड्यांत पत्ता नोंदवायचा, त्याला घरमालकाच्या सहीचा फॉर्म लागतो. सुट्टीवाल्यांना भाड्याने देतात ती घरं बघताना आधी विचार की हा फॉर्म देणार का, बरेच जण देत नाहीत. आणि टपालपेटीवर नाव लाव! साधी कागदी पट्टी चिकटपट्टीने लाव पण पहिल्याच दिवशी लाव, माहेर सासर जे पासपोर्टवर आहे तेच. टॅक्स नंबर पोस्टाने येतो, बँकेचं कार्ड पोस्टाने, विम्याचं पोस्टाने, आणि पेटीवर नाव नसेल तर पोस्टमन वर येऊन विचारत बसत नाही, पत्र सरळ परत जातं. मग टॅक्स नंबरशिवाय पहिला पगार सर्वात वरच्या टॅक्स क्लासमधे कापला जातो. नंतर मिळतो परत, पण नव्या घराचं डिपॉझिट भरायच्या महिन्यात जीव जातो.


प्रेषक: अभिजित

एक पुरवणी. व्हिसा कधी सहा महिन्यांचा देतात कधी वर्षाचा. ब्लू कार्डासाठी अर्ज तो संपायच्या आत करायचा, अपॉइंटमेंट मिळत नसली तरी अर्ज आत गेलेला हवा. मग कार्ड यायला उशीर झाला तर ते घडीचा एक कागद देतात, त्यात तीन चौकटी असतात. तिसऱ्या चौकटीत खूण असेल तर जुनाच हक्क पुढे चालू राहतो, कामही करता येतं आणि दिवाळीला घरी जाऊन परतही येता येतं. बाकीच्या चौकटींत खूण असेल तर बाहेर गेलात की परत यायचे वांधे. काउंटरवरून उठायच्या आधी बघून घे, घरी येऊन बघू नकोस.

आणि प्रवासाच्या तारखेपासून नोकरीच्या पहिल्या दिवसापर्यंतचा आरोग्य विमा वेगळा घ्यावा लागतो. इथला सरकारी विमा नोकरी सुरू झाल्यावर सुरू होतो, मधले दिवस कोणाच्याच नाहीत. मुलगी बरोबर आहे म्हणून विशेष सांगतो.


प्रेषक: ऋतुजा, पुणे

एचआरचं उत्तर आलं. 1 नोव्हेंबर करून दिलं, एका ओळीत, "नो प्रॉब्लेम". तारखेची ओळ पण करारात घातली. 81 एचं विचारल्यावर त्यांनी उलट मलाच विचारलं की हे काय असतं, मग मी अभिजितदादांनी लिहिलं होतं तेच इंग्रजीत करून पाठवलं, आता त्यांचा वकील बघतोय. मुखत्यारपत्राचा नमुना आला की सही करून पाठवते. राजीनामा ड्राफ्टमध्ये आहे, पाठवलेला नाही. एजंटचा काल परत फोन आला होता, सवलत देतो म्हणाला.

मुलीसाठी बालवाडीचं काय करावं लागतं? आत्तापासून नाव घालावं लागतं असं कोणीतरी म्हणालं.


प्रेषक: मीनलताई

आत्तापासून काय, काल घालायला हवं होतं. पण त्याचा वेगळा मेल टाक विषय बदलून, नाहीतर काका परत मोदक घेऊन येतील.