केळघर घाटमाथ्यावरील घराला सीडरचे छप्पर आणि लाकडी आवरण चालेल का?

जावळीकर, सातारा

सर्वांना सविनय नमस्कार. मेढ्याहून महाबळेश्वरकडे जाताना केळघर घाट चढून गेल्यावर आमची वडिलोपार्जित जमीन आहे. तेथे आई-वडिलांसह कायम राहण्यासाठी बैठे घर बांधण्याचे आम्ही ठरवले आहे. जोते काळ्या दगडाचे आणि भिंती विटांच्या असतील. छपरावर कॅनडातून येणाऱ्या वेस्टर्न रेड सीडरची शिंगल्स (कौलांसारख्या एकावर एक बसणाऱ्या पातळ लाकडी चकत्या) बसवावीत आणि पश्चिमेकडील व दक्षिणेकडील भिंतींना त्याच लाकडाच्या फळ्यांचे आवरण द्यावे, असे आमच्या वास्तुविशारदांनी सुचवले आहे. त्यांनी दाखवलेला नमुना वजनाला हलका, तांबूस आणि सुवासिक होता, आणि तो मला मनापासून आवडला. वडिलांचे मत मात्र ठाम आहे, की या पावसात मंगलोरी कौलांशिवाय दुसरे काही टिकत नाही. हे लाकूड आपल्याकडच्या पावसात आणि वाळवीपुढे कितपत तग धरेल, याविषयी जाणकारांनी मार्गदर्शन करावे ही विनंती.

स्थापत्य_सांगली

नमस्कार. आपला प्रश्न एक दिसत असला तरी छपराचे उत्तर वेगळे आहे आणि भिंतींचे वेगळे, म्हणून आधी छपराविषयी लिहितो.

सीडर कुजत नाही अशी जी ख्याती आहे, ती त्याच्या गाभ्याच्या लाकडाची आहे. या गाभ्यात थुजाप्लिसिन नावाची नैसर्गिक द्रव्ये असतात आणि ती बुरशीला वाढू देत नाहीत. सालीलगतच्या पांढऱ्या लाकडात हा गुण नसतो. शिवाय ही द्रव्ये पाण्यात हळूहळू धुऊन जातात, त्यामुळे सतत पाणी झेलणाऱ्या छपरावर त्यांचा साठा लवकर संपतो. जुन्या वृक्षांच्या लाकडाच्या तुलनेत लागवडीतील तरुण झाडांच्या लाकडात ती बहुधा कमीच असतात.

कॅनडाच्या पश्चिम किनाऱ्यावरही भरपूर पाऊस पडतो, मग तेथे ही छपरे कशी टिकतात, असे आपले वास्तुविशारद विचारतील. त्या किनाऱ्यावरच्या व्हँकुव्हर शहरात वर्षाला साधारण १,२०० मिलिमीटर पाऊस होतो आणि त्याचा मोठा भाग हिवाळ्यात पडतो, जेव्हा थंडीमुळे बुरशीची वाढ मंदावलेली असते. उन्हाळा तेथे बराचसा कोरडा जातो आणि लाकूड वाळून निघते. महाबळेश्वरची वार्षिक सरासरी ५,५०० मिलिमीटरच्या आसपास आहे, आणि हा जवळजवळ सगळा पाऊस जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत पडतो. त्या काळात तेथे हवा उबदार आणि धुक्याने भरलेली असते. पाऊस किती पडतो यापेक्षा दोन सरींच्या मध्ये लाकडाला वाळायला वेळ मिळतो की नाही, हे मला अधिक महत्त्वाचे वाटते, आणि आपल्या जागेवर तो वेळ आठवडेच्या आठवडे मिळणार नाही. आमच्या सांगलीत वर्षाला ६०० मिलिमीटरच्या आसपास पाऊस होतो. येथे कोणी हेच विचारले असते तर मी पावसाची धास्ती घातली नसती, उन्हाविषयी आणि वाळवीविषयी बोललो असतो.

म्हणून छपराच्या बाबतीत मी आपल्या वडिलांच्या बाजूने आहे. भरपूर उताराचे पाखे, मंगलोरी कौले आणि त्यांच्याखाली पाणी अडवणारा थर ही रचना आपल्याकडच्या सुतार-गवंड्यांच्या हातात बसलेली आहे, आणि एखादे कौल फुटले तर तेवढेच बदलता येते.

भिंतींचे आवरण मात्र करता येईल. त्यासाठी वळचण किमान अडीच-तीन फूट पुढे काढावी, आणि फळी भिंतीला थेट न ठोकता मध्ये पट्ट्या मारून सुमारे २० मिलिमीटरची पोकळी खालून-वरून खुली ठेवावी, म्हणजे आत शिरलेले पाणी खाली उतरते आणि फळी मागूनही वाळते. पोकळीच्या तोंडाला बारीक जाळी लावावी.

वाईचा_सुतार

वरील मताशी मी सहमत आहे. कामाच्या बाजूने थोडी भर घालतो.

सीडरला साधे लोखंडी खिळे वापरू नयेत. या लाकडातील टॅनिन या तुरट द्रव्याचा लोखंडाशी संयोग होऊन खिळ्याखालून काळे ओघळ उतरतात आणि ते सहजासहजी जात नाहीत. स्टेनलेस स्टीलचे, दांड्यावर गोल कंगोरे असलेले खिळे घ्यावेत. लाकूड मऊ असल्यामुळे हातोडीचा शेवटचा घाव जपून घालावा; खिळ्याचे डोके पृष्ठभागाबरोबर बसले पाहिजे, आत रुतले की तेथे पाणी साठते. फळीला तेल किंवा रंग बसवण्याआधी चारही बाजूंनी द्यावा, आणि कापलेल्या टोकांना दोनदा द्यावा, कारण लाकूड सर्वांत जास्त पाणी टोकाकडूनच पिते.

पाचगणीजवळच्या एका बंगल्याचे आवरण दुरुस्तीला आले होते. वरच्या फळ्या करड्या पडल्या होत्या, पण ठणठणीत होत्या. सर्वांत खालच्या फळीत मात्र पेचकसाचे टोक नुसत्या अंगठ्याच्या दाबाने अर्धा इंच आत गेले. पागोळ्यांचे पाणी फरशीवर आपटून तिच्यावर उडत होते आणि ती फरशीपासून जेमतेम दोन बोटे उंच होती. आपल्या पावसात जमिनीपासून किमान एक फूट तरी फक्त दगड दिसू द्यावा, फळी त्याच्या वरून सुरू करावी.

आणखी एक गोष्ट आपल्या कारागिरांच्या जिवाशी निगडित आहे. सीडरच्या भुशात प्लिकॅटिक आम्ल असते आणि त्यामुळे काही जणांना दमा जडतो. कापणी उघड्यावर करावी आणि प्रत्येकाला चांगला मास्क द्यावा, ही अट कंत्राटातच लिहून घ्यावी.

टेबललँड

वाळवीचा मुद्दा राहिला आहे. सीडर कुजण्याला दाद देत नाही म्हणजे वाळवीलाही देत नाही, असे समजू नये. युरोपीय मानकांत त्याला वाळवीप्रतिरोधक धरलेले नाही. जोत्याला वाळवीप्रतिबंधक प्रक्रिया करून घ्यावी आणि दगडावरून वर चढणारी मातीची नळी दिसते का, हे वरचेवर पाहत राहावे. भिंतीला टेकून जळण रचू नये.

दुसरी काळजी वणव्याची. फेब्रुवारीपासून मेपर्यंत आपल्या डोंगरांवरचे गवत पेटते आणि ठिणग्या लांबवर उडतात. प्रक्रिया न केलेली सुकी शिंगल्स अशा ठिणगीने पेट घेतात, आणि केवळ या एका कारणासाठी मी ती छपरावर घातली नसती. आवरण केलेत, तर घराभोवतीचे गवत दरवर्षी पाऊस संपल्यावर काढून टाकावे.

जावळीकर, सातारा

आपण सर्वांनी इतक्या तपशिलाने लिहिलेत, याबद्दल मनःपूर्वक आभारी आहे. छपरावर मंगलोरी कौलेच घालायची, हे आज घरात सर्वानुमते ठरले. आवरणाविषयी दोन शंका उरल्या आहेत. फळ्या आडव्या बसवाव्यात की उभ्या? आणि आपल्याकडचा देवदार किंवा साग वापरला तर?

स्थापत्य_सांगली

पश्चिमेकडून झड येते, तेथे उभ्या फळ्या मला अधिक योग्य वाटतात, कारण पाणी लाकडाच्या रेषांच्या दिशेनेच खाली वाहते आणि आडव्या सांध्यांवर थांबत नाही. मात्र त्यांच्यामागच्या पट्ट्या आडव्या येतात आणि त्या पोकळी अडवतात. म्हणून आधी भिंतीला उभ्या पट्ट्या मारून त्यांच्यावर आडव्या माराव्यात. प्रत्येक फळीचे खालचे टोक तिरके कापावे, म्हणजे थेंब पुढच्या कडेवरून गळून पडतो.

साग सीडरपेक्षा बराच जड आणि महाग, पण त्याचा गाभा वाळवीलाही चांगला पुरून उरतो, आणि त्याचे काम जाणणारे हात आपल्या जिल्ह्यात आहेत. दक्षिणेची भिंत सागाची आणि पश्चिमेची नुसत्या दगडाची ठेवता आली, तर वास्तुविशारदांना तसा आराखडा काढायला जरूर सांगावे. देवदारही टिकाऊ आहे, परंतु त्याच्या गाठींतून तेल पाझरते आणि त्यावर रंग नीट धरत नाही. सीडरच घेणार असाल, तर पावतीवर थुजा प्लिकाटा हे शास्त्रीय नाव आणि फक्त गाभ्याचा माल अशी नोंद मागावी, आणि ओलावामापक लावून लाकडातील ओलावा १५ टक्क्यांच्या आत असल्याची खात्री झाल्यावरच माल उतरवून घ्यावा. काम डिसेंबर ते एप्रिल या काळात पुरे करावे.